आदितीनं बघितलंय

कोल्हापूर
९ ऑगस्ट २०२४

प्रिय आदिती,

जय जिनेंद्र.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. आपल्या घरात फोन स्पीकरवर ठेवूनच बोलायची पद्धत पडली आहे. मी ‘हॅलो’ म्हटलं की स्वयंपाकघरातून तुझी आई ‘कोण हाय?’ विचारते आणि तुझे पप्पा टीव्हीचा आवाज कमी करतात. शिवाय आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्टा दर शुक्रवारी पत्र लिहून घ्यायच्या. समास सुटला नाही तर पुन्हा लिहायला लावायच्या. बघ, समास सोडलाय.

माझी वर्गमैत्रीण मोना तुला आठवत असेल, ताराबाई पार्कातली. ती आता मुलाकडे पुण्याला जाते आहे. तिच्या तळमजल्यावर दोन खोल्या आहेत, मागं पेरूचं झाड आहे. मला म्हणाली, “राजी, तू येऊन राहा. घर बंद ठेवलं की वाळवी लागते.” मी बासष्ट वर्षांची आहे आणि आजवर एक दिवससुद्धा एकटी राहिलेली नाही. मला जायचं आहे, दिवाळीच्या आत.

डॉक्टर संयोगिता म्हणाल्या, जरूर जा. अकरा वर्षं झाली, मी दवाखान्यात भरती झालेली नाही. गोळ्या माझ्या मी घेते. आवाज अजून कधीतरी ऐकू येतात, बहुतेक पावसाळ्यात, पण आता ते शेजारच्या घरातल्या रेडिओसारखे झालेत. मी त्यांना उत्तर देत नाही.

मग मी अण्णाशी, म्हणजे तुझ्या पप्पांशी बोलले.

“एकटी? आणि गॅस कोण बघनार?”

“मीच.”

“तू?” असं म्हणून त्यानं चष्मा काढून पुसला. “चिपाडाची गंजी इसरलीस व्हय?”

तू तेव्हा लहान होतीस, म्हणून थोडक्यात सांगते. १९९१ सालच्या माघात, हातकणंगल्याच्या मळ्यातल्या आपल्या गुऱ्हाळावर चिपाडाची गंजी पेटली. रस काढून उरलेला वाळका ऊस, चुलवाणात, म्हणजे गुऱ्हाळाच्या मोठ्या चुलीत, घालायचं जळण. गंजी गेली, छप्पर गेलं, गूळ करणाऱ्या ज्ञानूचा हात कोपरापर्यंत भाजला. ती मी पेटवली, असं घरात ठरलेलं आहे. तेव्हापासून मी काडी ओढलेली नाही. तुझी आई गॅस पेटवते, मी भाज्या चिरते.

शेवटी अण्णा म्हणाला, “आदिती ठरवंल. ती मेंदूची शास्त्रज्ञ हाय. तिनं लिवून दिऊ दे, मग जा.”

तेव्हा बाळ, चार ओळी लिहून पाठव. तुझ्या संस्थेच्या कागदावर असतील तर तुझ्या पप्पांवर जास्त परिणाम होईल.

तुझी,
राजमती आत्ती


बेंगळुरू
२० ऑगस्ट २०२४

प्रिय आत्ती,

तुझं पत्र पाहून आमच्या वॉचमनलासुद्धा आनंद झाला. इथं बँकेशिवाय कुणाचं टपाल येत नाही.

तू मागितलंस ते इतकं सरळ नाही गं. मी डॉक्टर नाही, पेशंट तपासत नाही. माझं काम काय ते सांगते. मेंदूत दोन्ही कानांच्या आतल्या अंगाला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. नवी आठवण आधी तिथं नोंदली जाते. त्यातला एक भाग सारख्या दिसणाऱ्या गोष्टी वेगवेगळ्या ठेवतो. कालचा डबा वेगळा, आजचा वेगळा. दुसरा भाग एका टोकावरून अख्खी आठवण उभी करतो. नुसता वास आला की सगळं स्वयंपाकघर दिसायला लागतं, तसं. मी हे सगळं कॉम्प्युटरवर उभं करते. खोट्या बारा हजार पेशी, त्यांच्यामधले धागे आणि भरपूर गणित. मग त्यातला वेगळं ठेवणारा भाग थोडा दुबळा करते आणि बघते काय होतं ते. दोन आठवणी एकमेकींत मिसळतात. न घडलेली तिसरीच गोष्ट तयार होते आणि ती अगदी खात्रीनं आठवते. स्किझोफ्रेनियात असं काहीसं होत असावं, असा आमचा अंदाज आहे.

त्यामुळे अशा माणसाच्या आठवणीवर किती भरवसा ठेवायचा, हा प्रश्न खरंच अवघड आहे. घाई नको करूस. पप्पांना वेळ दे. मी डिसेंबरमध्ये येते, तेव्हा सगळे बसून बोलू.

गोळ्या वेळेवर घे.

तुझी,
आदिती


कोल्हापूर
२९ ऑगस्ट २०२४

प्रिय आदिती,

पत्र तीनदा वाचलं. हिप्पोकॅम्पस मला समजला. माझ्या चार वर्षांच्या शिकवण्यात मी याहून अवघड गोष्टी पहिलीच्या मुलांना समजावल्यात, त्यामुळे माझी काळजी करू नकोस.

मला एवढंच विचारायचं आहे, की तो भाग तू किती दुबळा केलास? म्हणजे माझ्यासारखं माणूस बनवायचं झालं तर तू किती टक्के बिघाड धरतेस? आमच्या शाळेत पस्तीस टक्क्यांना पास करायचे. मी पास आहे का?

तू लिहितेस, “अशा माणसाच्या आठवणीवर”. तुझ्या शी-शूची दुपटी ज्या माणसानं धुतली, ते हे ‘अशा माणसा’तलं माणूस. रागावले आहे, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. गोळ्या वेळेवर घेऊनही राग येतो, तुझ्या गणितात तेही घाल.

आणि मी तुला माझ्या आठवणीवर भरवसा ठेव, असं म्हटलंच कुठं? मला गंजीबद्दल काही आठवतच नाही. त्या आगीनंतर मला दवाखान्यात नेऊन शॉक दिले. त्यात पौषापासून शिमग्यापर्यंतचं सगळं पुसलं गेलं. त्याआधीचं लख्ख आहे, नंतरचंही आहे. मधले तीन महिने कोरी पाटी. त्या पाटीवर घरच्यांनी जे लिहिलं तेच मी तेहेतीस वर्षं वाचत आले. मी आग लावली असेन, असं मीही धरून चालले. ज्ञानूचा हात आठवला की मला जेवण जात नसे. तो हातही मी पाहिल्याचं मला आठवत नाही, ऐकलेला आठवतो.

काल अण्णाला विचारलं, “मी पेटवली हे सांगितलं कुणी? पाहिलं कुणी?”

तो म्हणाला, “आदितीनं बघितलंय.”

तुझी आई चपात्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं.

आदिती, तू हे मला कधीच सांगितलं नाहीस. पत्रात तू तुझ्या बारा हजार पेशींचं सांगितलंस आणि हे तेवढं राहिलं. तू काय पाहिलंस? सरळ लिही. मी कोसळत नाही.

आत्ती


बेंगळुरू
११ सप्टेंबर २०२४

आत्ती,

चार वेळा लिहिलं, चार वेळा फाडलं.

मी तुला पाहिलं. मी पाच वर्षांचीही नव्हते, पण ते मला अजून समोर दिसतं. तू चुलवाणाच्या तोंडाशी उभी आहेस. हळदी रंगाची साडी, हिरवे काठ. मागं चिपाड आहे, डोक्यावर झेंडूच्या माळा हलताहेत. तुझ्या हातात काडीपेटी आहे. तू माझ्याकडे बघून हसतेस आणि काडी ओढतेस. मग आग. मोठी, छपरापर्यंत. कुणीतरी ओरडतंय.

लहानपणी प्रत्येक लग्नात, प्रत्येक सुट्टीत कुणीतरी मला मांडीवर घेऊन विचारायचं, “आत्तीनं काय केलं गं?” मी काडी ओढून दाखवायची. सगळे हळहळायचे, मला खाऊ द्यायचे. सातवी-आठवीत मला कळलं की मी काय करत होते. त्यानंतर मी ते कुणासमोर केलं नाही. मी या विषयाकडे का आले, असं मुलाखतीत विचारतात तेव्हा मी काहीतरी छापील उत्तर देते. खरं कारण तू आहेस. तुझ्या डोक्यात त्या दिवशी काय झालं असेल, ते मला समजून घ्यायचं होतं.

म्हणून मी लिहून देऊ शकत नाही. उद्या तुला काही झालं, शेजाऱ्यांना काही झालं, तर? मी पाहिलंय, आत्ती. पाहिलेलं असूनही नाही पाहिलं, असं कसं लिहू?

मला माफ कर, असं म्हणायचाही धीर होत नाही.

आदिती


कोल्हापूर
६ ऑक्टोबर २०२४

प्रिय आदिती,

उशीर झाला. तुझं पत्र वाचून दोन दिवस मी खोलीतून बाहेर आले नाही. घरात सगळ्यांना वाटलं, पुन्हा सुरू झालं. अण्णानं डॉक्टरांना फोनही लावला. मी आतून ओरडले, “अरे, मी विचार करतेय!” या घरात मी विचार करत बसले की लगेच डॉक्टरांना फोन जातो.

तिसऱ्या दिवशी मी उठले, डोकं धुतलं आणि एकटी एसटीनं हातकणंगल्याला गेले. घरी सांगितलं, जैन बस्तीत प्रवचनाला जाते. देवाच्या नावानं खोटं बोलले, त्याचं मी बघून घेईन.

विठाबाईकडे गेले. ज्ञानूची बायको. ज्ञानू जाऊन सात वर्षं झाली. तिला आता दिसतं कमी, पण जीभ शाबूत आहे. मी म्हटलं, “विठाबाई, मी राजमती. माफी मागायला आले. तुझ्या मालकाचा हात माझ्यामुळं भाजला.”

ती म्हणाली, “आगं बया! तेहतीस वर्सांनी? यष्टी चुकलीवती व्हय?”

मग माझा हात ओढून शेजारी बसवलं. मी विचारलं, पेटवली का मी? तर म्हणाली, “कुनाला ठाव? वारं सुटलंवतं. चुलवानातनं ठिनग्या तर रोजच उडायच्या. तू तिथंच बसलीवतीस, दगडावानी, दोन दिस जेवली नव्हतीस. आन पेटल्यावर लोकं म्हनाली, येडी बसलीया, हिनंच लावली आसंल. आमचा म्हातारा मरूस्तवर म्हनायचा, मी बघितलं न्हाय तर मी नाव कसं घेऊ?”

“पण आदितीनं पाहिलं ना.”

“कुनी? ती बारकी? ती कुटं व्हती तवा? तिला कांजिन्या आल्यावत्या. तुजी वैनी तिला घिऊन वारनानगरला गेलीवती, म्हायारी. जळल्यावर पंधरा दिसांनी आली की माघारी. मीच तिच्या अंगावरनं लिंबाचा पाला फिरवलाय.”

आदिती, तू तिथं नव्हतीस.

परतीच्या एसटीत मला तुझ्या पत्रातली एक ओळ आठवत राहिली. झेंडूच्या माळा. माघात गुऱ्हाळावर झेंडूच्या माळा कोण लावतं? माळा असतात दिवाळीच्या पाडव्याला, गुऱ्हाळ सुरू होतं त्या दिवशी. तुला माहीत नसेल, कारण नंतर गुऱ्हाळच बंद झालं, पण आपल्या घरची एक रीत होती. हंगामाचं पहिलं चुलवाण घरच्या लेकीनं पेटवायचं. आधी तुझ्या आजीच्या नणंदा पेटवायच्या, मग मी. त्या वर्षी दिवाळीत मी हळदी साडी नेसले होते, हिरव्या काठांची. तू आईच्या कडेवर होतीस. मी तुझ्याकडे बघून हसले आणि काडी ओढली. धपकन जाळ झाला, तू घाबरून ओरडलीस आणि सगळे हसले. ज्ञानूनं तुला गुळाची वडी दिली.

हे मला आठवतं. हे कोऱ्या पाटीच्या आधीचं आहे.

तू जे पाहिलंस ते खरं पाहिलंस. मी काडी ओढली. तो माझा मान होता.

गंजी मी पेटवली की नाही, हे मला अजून माहीत नाही आणि आता बहुधा कुणालाच कळणार नाही. पण तुझ्या त्या वेगळं ठेवणाऱ्या भागाबद्दल मला विचारायचंय. आपल्या घरात बिघाड फक्त माझ्याच डोक्यात होता का?

आत्ती


बेंगळुरू
१७ ऑक्टोबर २०२४

प्रिय आत्ती,

आईला फोन केला. स्पीकर बंद करायला लावला. मी विचारलं, “मला कांजिण्या कधी आल्या होत्या?” आधी स्वयंपाकघराचं दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “तू सांगत होतीस, सगळे ऐकत होते. मी म्हटलं, पोर काहीतरी बोलतीय, इसरंल. मग सगळ्यांना ते खरंच वाटायला लागलं. मलाबी.” आणि रडायला लागली. मी तिला समजावलं नाही.

मग मी प्रयोगशाळेत जाऊन एक गोष्ट केली. माझं ते गणित घेतलं, पण काहीही दुबळं केलं नाही. पूर्ण निरोगी ठेवलं. त्याला एक घटना दाखवली. तू, चुलवाण, काडी, माळा. नंतर दुसरी घटना दाखवली नाही, फक्त तिच्याबद्दल सांगितलं. चिपाड, मोठी आग, ओरडा. आणि मग पुन्हा पुन्हा एकच टोक हातात दिलं. ‘आत्ती आणि आग.’ पाच वेळा विचारलं, तेव्हा दोन्ही वेगळं राहिलं. दहा वेळा विचारलं, तरी राहिलं. चाळिसाव्या वेळेला बारा हजार पेशींनी मिळून मला हुबेहूब माझी आठवण काढून दिली. माळांसकट. मग मी चाळीस आकडा बदलून बघितला, सुरुवात बदलून बघितली. थोडं पुढेमागे झालं, पण शेवट तोच.

यानं काही सिद्ध होत नाही. कॉम्प्युटर साक्षीला येत नाही. पण गेली आठ वर्षं मी आजारी मेंदू बनवून त्यात चूक शोधत होते आणि निरोगी मेंदूला चाळीस वेळा विचारून पाहायचं मला सुचलं नव्हतं. मला हे संस्थेत मांडायचं आहे. तुझं नाव येणार नाही.

सोबत दोन पाकिटं आहेत, दोन्ही पप्पांसाठी. पहिल्यात मी लिहिलंय की आगीच्या दिवशी मी वारणानगरला होते, मी काहीही पाहिलेलं नाही आणि इतकी वर्षं मी खोटी साक्ष देत आले. दुसऱ्यात, संस्थेच्या कागदावर, तू मागितलं होतंस ते. तुझी समज, तुझी स्मृती, तुझं वागणं, सगळं उत्तम आहे आणि तू एकटी राहू शकतेस. माझ्या एका सहकारी मानसोपचारतज्ज्ञानंही वाचून दिलंय.

फक्त मी येईपर्यंत थांब. पप्पा चिडतील. मी दिवाळीलाच येणार होते, पण भाऊबीजेनंतरच्या शनिवारी पोचेन असं तिकीट मिळालंय. एवढे तीन आठवडे थांब, आपण दोघी मिळून देऊ.

तुझी,
आदिती


कोल्हापूर
४ नोव्हेंबर २०२४

प्रिय आदिती,

थांबले नाही.

तुझं पाकीट आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सामान बांधलं. दोन बॅगा, गोळ्यांचा डबा, एक तवा. तुझी आई दारात उभी राहिली. म्हणाली, “आक्का, निदान दिवाळी तरी इथं करा.” मी म्हटलं, “तेहेतीस केल्या.” मग तिनं लोणच्याची बरणी पिशवीत ठेवली आणि रिक्षापर्यंत आली.

तुझं पहिलं पाकीट मी अण्णाच्या उशीखाली ठेवून आले. ते तुझं आहे, तुझ्या पप्पांनी वाचायलाच हवं. दुसरं मात्र मी दिलं नाही. उघडून वाचलं, चांगलं लिहिलंयस, आणि फाडलं. रागावू नकोस. ऑगस्टमध्ये मीच ते मागितलं होतं. पण ज्ञानूची बायको डोळ्यांनी अधू असून मला हात धरून शेजारी बसवते आणि सख्ख्या भावाला माझ्यावर भरवसा ठेवायला कागद लागतो, हे मला आता चालत नाही. अण्णानं राहायला कधी कुणाला कागद दाखवला? तो पंख्याचं बटण चालू ठेवून गावाला जातो.

आणि माझं नाव येणार नाही, असं का लिहिलंस? येऊ दे. संस्थेत सांग की माझी आत्ती राजमती मगदूम, तिला स्किझोफ्रेनिया आहे आणि माझ्या गणितातली चूक तिनं झेंडूच्या माळांवरून काढली. मी तिथं येऊन उभीसुद्धा राहीन. इंग्रजीची भीती मला नाही.

आता कालचं सांगते.

काल भाऊबीज. मी अण्णाला बोलावलं नव्हतं. चारच्या सुमाराला फाटक वाजलं. बघते तर अण्णा, इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा डबा. आत आला आणि उभाच राहिला. पासष्ट वर्षांचा माणूस, पण बहिणीच्या घरी भाऊबीजेला कसं जायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. जाणार कुठं होता? बहीण त्याच्याच घरात होती.

“बस की,” मी म्हटलं.

बसला. खोली बघितली. गॅसकडे बघितलं. “पत्र वाचलं,” म्हणाला.

“बरं.”

“म्हंजे आता मी खोटा?”

“मी तसं म्हटलं नाही. तू चहा घेणार का?”

त्यानं पुन्हा गॅसकडे बघितलं. मी उठले, काडीपेटी घेतली. आदिती, इथं आल्यापासून मी डबा मागवून जेवत होते, काडी ओढायचं राहिलंच होतं. पहिली काडी मोडली. दुसरी विझली. अण्णा अर्धवट उठला, हात पुढं करून, ‘आण इकडं’ म्हणणार तोच मी म्हटलं, “बस खाली.” सिस्टर बेनेडिक्टा वर्गाला म्हणायच्या त्या आवाजात. तो बसला. तिसरी काडी लागली. चहा टाकला. त्याच काडीपेटीनं निरांजन लावलं आणि त्याला ओवाळलं. आजवर वैनी निरांजन लावून माझ्या हातात द्यायची. ओवाळताना त्याचे डोळे ज्योतीवर होते, माझ्याकडे नाही. मी सावकाश ओवाळलं, त्याला नीट बघता यावं म्हणून.

चहा पिऊन झाल्यावर त्यानं विचारलं, “राजी, तू खरंच न्हाय ना लावलीस?”

इतकी वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होते. मला वाटायचं, त्यानं विचारलं की मी रडेन, पाया पडेन, शपथ घेईन. मी म्हटलं, “माहीत नाही अण्णा. लावली असेल तर आजारात लावली असेल. नसेल लावली तर तेहेतीस वर्षं तुम्ही मला फुकट भाज्या चिरायला लावल्यात. दोन्हींपैकी काहीही असलं तरी मी आता इथंच राहणार.”

त्यानं रिकामा कप मोरीत नेऊन ठेवला. दिवस मावळायच्या आत जेवायची आपली रीत, म्हणून मग घरी जायला निघाला. दारात जाऊन परत वळला आणि म्हणाला, “पुढच्या वर्साला गुऱ्हाळ चालू करायचा इचार हाय. छोटंसं. राजवीर मागं लागलाय.” राजवीर म्हणजे विठाबाईचा नातू, तो आता मळा बघतो.

मी म्हटलं, “बरं हाय की.”

“पाडव्याला,” तो म्हणाला. त्यापुढचं वाक्य त्याला जमलं नाही. मीही मदत केली नाही. त्यानं ते वर्षभर जुळवावं आणि मला येऊन नीट, तोंडानं सांगावं.

तू शनिवारी येतेस ना? स्टेशनवरून आधी इकडं ये. पाकिटावर घालायचा पत्ता खाली देते. त्यात अण्णाचं नाव, ‘द्वारा नेमिनाथ मगदूम’, घालू नकोस, पोस्टमनला मी सांगून ठेवलंय.

राजमती मगदूम,
तळमजला, पेरूच्या झाडाचं घर,
ताराबाई पार्क, कोल्हापूर.